पेटीतली हाली नोट : तिची किंमत कशी ओळखायची आणि ती विकायची कशी

(माजलगाव येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आहेत.)



मी जुन्या नोटा जमवतो, अधूनमधून विकतोही. त्यामुळे मला जे फोन येतात त्यांचे दोन प्रकार आहेत. पहिला प्रकार रोजचा. "साहेब, माझ्याकडे ७८६ नंबरची नोट आहे, मोबाईलवर पाहिलं पाच लाख मिळतात, कुठं घेऊन येऊ?" दुसरा प्रकार क्वचित येतो, आणि तो आला की मी हातातलं काम बाजूला ठेवतो. "वाडा पाडायला काढलाय. पेटीत आजोबांच्या वेळची, उर्दूत लिहिलेली नोट निघाली. काही कामाची आहे का, की टाकून देऊ?"

आता गंमत बघा. पहिल्याच्या हातात बहुतेक वेळा दहा रुपयांचीच वस्तू असते आणि तो लाखाची स्वप्नं बघतो. दुसऱ्याच्या हातात खरोखर काहीतरी असू शकतं, आणि तो ते बंबात घालायला निघालेला असतो. आज मी बोलणार आहे ते जास्त करून या दुसऱ्या माणसासाठी. कारण अशी माणसं आपल्या भागात आहेत. पुण्या-मुंबईत निजामाची नोट पेटीत निघत नाही. ती निघते बीडमध्ये, परभणीत, नांदेडात, आणि इथं माजलगावात.

ती का निघते, ते आधी सांगतो. तुमच्यापैकी ज्यांचे केस पांढरे झालेत त्यांनी घरात "हाली" आणि "कलदार" हे शब्द ऐकले असतील. हाली म्हणजे हैदराबाद संस्थानचा रुपया, हाली सिक्का. कलदार म्हणजे इंग्रजांचा. दोघांची किंमत एक नव्हती. सहा कलदार द्यायचे तर सात हाली मोजावे लागत. सरकारी हिशेबात शंभर कलदाराला हाली ११६ रुपये, १० आणे, ८ पै. हा हिशेब इथल्या मोंढ्यातल्या मुनिमाला तोंडपाठ असणार, कारण माल नगरकडे गेला की पैसा कलदारात आणि इथं मजुरी द्यायची ती हालीत.

१९१८ पर्यंत हा हाली रुपया म्हणजे चांदीचं नाणं. पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली, तेव्हा संस्थानानं त्याच वर्षी चलनाचा कायदा करून कागदी नोटा काढल्या. त्यांचं अधिकृत नाव उस्मानिया सिक्का. सुरुवात १० आणि १०० रुपयांनी झाली, १९१९ मध्ये १ आणि ५ च्या नोटा आल्या, आणि १९२६ मध्ये १,००० ची. सुरुवातीच्या नोटा लंडनच्या वॉटरलो कंपनीनं छापल्या. पुढं नाशिकला सरकारी छापखाना उभा राहिल्यावर काम तिकडं आलं. म्हणजे निजामाची नोट, पण छापलेली आपल्या नाशिकात. संस्थानांत स्वतःची कागदी नोट चालवणं ही साधी गोष्ट नव्हती. हैदराबादनं ती तीसेक वर्षं चालवली.

नोट हातात घेतलीत तर दोन गोष्टी लगेच दिसतील. एक म्हणजे तिच्यावर निजामाचा चेहरा नाही. इंग्रजी नोटेवर राजाचं डोकं असायचं, इथं नक्षी आणि अक्षरं. दुसरी गोष्ट म्हणजे तिच्यावर मराठी आहे. उर्दू मोठ्यानं आहेच, पण रक्कम मराठी, तेलुगू आणि कानडीतही लिहिलेली आहे. ज्या राज्यात शाळा-कचेरीची भाषा उर्दू होती, त्याच राज्याच्या नोटेवर आपल्या आजोबांना वाचता येईल अशी ओळ होती. पैसा चालवायचा तर तो लोकांना वाचता यायला हवा, हे कुठल्याही सरकारला कळतं.

१७ सप्टेंबर १९४८ नंतर काय झालं ते या गावात सांगायची गरज नाही. पण चलन एका दिवसात बदललं नाही. भारतीय रुपया आला, सात हालीला सहा हाच दर धरून दोन्ही काही काळ शेजारी चालले, आणि १९५० च्या दशकात हाली व्यवहारातून गेली. बहुतेकांनी नोटा बदलून घेतल्या. काही राहिल्या. कुणी पोथीत ठेवल्या होत्या, कुणाला तहसिलाच्या गावी जाणं जमलं नाही, कुणी घरात कुणाला न सांगता ठेवून गेला. आज त्या राहिलेल्या नोटा कुठल्याही बँकेत बदलून मिळत नाहीत. पैसा म्हणून त्यांची किंमत शून्य. आता जी किंमत आहे ती वस्तू म्हणून, आणि ती ठरते वेगळ्याच नियमांनी.

लोकांचा पहिला गैरसमज असा की जितकी जुनी तितकी महाग. तसं नाही. किती निघाल्या हा प्रश्नच नाही, किती *उरल्या* हा प्रश्न आहे, आणि उरलेल्या किती जणांना हव्या आहेत हा त्याच्या पुढचा. हैदराबादची एक रुपयाची नोट अनेक घरांत निघते, कारण ती मजुराच्या, शेतकऱ्याच्या हातातली नोट होती. हजाराची नोट कुणाकडे होती? सावकाराकडे, जहागीरदाराकडे. आणि त्यांनी ती बदलून घ्यायला चूक केली नाही. हजार रुपये कोण विसरतो? म्हणून हजाराची नोट आज फार क्वचित दिसते आणि ती दिसली की बोली लागते.

एकाच किमतीच्या नोटांतही फरक असतो, आणि डीलर जिथं तुमच्यापेक्षा जास्त जाणतो ती जागा हीच. सही बघायची. या नोटांवर संस्थानच्या अर्थखात्याच्या प्रमुखाची सही असते. अकबर हैदरी, जे पुढं संस्थानचे पंतप्रधान झाले, त्यांची आहे. गुलाम मोहम्मद यांची आहे, आणि हे गृहस्थ फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री आणि १९५१ ते १९५५ तिथले गव्हर्नर जनरल होते. सिंदफणेच्या काठावरच्या पेटीत पाकिस्तानच्या गव्हर्नर जनरलची सही निघते, हे मला अजूनही मजेचं वाटतं. पण मजेचं असणं वेगळं आणि दुर्मीळ असणं वेगळं. कुठली सही सर्रास मिळते आणि कुठली नाही हे नोटांच्या सूचीत छापलेलं असतं. भारतीय नोटांसाठी रिझवान रज्जाक आणि किशोर झुनझुनवाला यांचा संदर्भग्रंथ आहे. डीलरच्या टेबलाखाली तो असतोच. तुम्हीही कुठून तरी मिळवून बघा.

भावना आणि भाव यांची गल्लत कशी होते याचं आणखी एक उदाहरण. चिंतामणराव देशमुख, महाडजवळच्या नात्याचे, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. सहाव्या जॉर्जच्या चित्राच्या नोटांवर त्यांची सही आहे. मराठी माणसाला ती नोट हवीशी वाटते, मलाही वाटते. पण १९४३ ते १९४९ ते गव्हर्नर होते, त्या काळात नोटा अफाट छापल्या गेल्या. म्हणून वापरलेली पाच-दहाची नोट महाग नाही. तसंच १९७६ च्या एक रुपयाच्या नोटेवर मनमोहन सिंग यांची सही आहे, कारण एकची नोट सरकारच्या वतीनं निघते आणि तिच्यावर वित्त सचिव सही करतात. ओळखीचं नाव आहे, पण नोट भरपूर आहे.

मग साल. हैदराबादच्या काही नोटांवर फसली साल असतं, उर्दू आकड्यांत. तुम्हाला फसली नवीन नाही, जमिनीच्या जुन्या कागदांवर पाहिलेलं आहे. त्यात ५९० मिळवा, इंग्रजी साल आलं. १३४८ फसली म्हणजे १९३८-३९. उर्दू आकडे वाचणारी जुनी माणसं गावात आहेत, त्यांच्याजवळ पाच मिनिटं बसा. नोटेवर काय लिहिलंय हे स्वतःला कळल्याशिवाय तिची किंमत दुसऱ्याला विचारू नका.

कधी कधी नोटेला इतिहासामुळं किंमत येते. २० मे १९२२ रोजी 'इजिप्त' नावाची बोट लंडनहून मुंबईकडे निघालेली असताना फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ, धुक्यात, एका फ्रेंच जहाजाला धडकून बुडाली. तिच्यावर सोनं-चांदी होती, आणि हैदराबादच्या छापलेल्या नोटाही. दहा वर्षांनी इटालियन पाणबुड्यांनी ते सोनं वर काढलं, त्याबरोबर या नोटाही आल्या. काहींवर मग 'इजिप्त बोटीच्या अवशेषांतून' असा मजकूर छापून आठवण म्हणून दिल्या गेल्या. पाण्यात राहिलेला डागाळलेला कागद, पण संग्राहक तो मागतात, कारण तो कुठून आला ते त्याच्यावरच लिहिलेलं आहे. याचा आपल्यासाठी अर्थ एवढाच : तुमच्या नोटेबरोबर काही कागद असेल, पावती असेल, आजोबांनी लिहिलेली चिठ्ठी असेल, तर ती वेगळी करू नका. मात्र तोंडी सांगितलेल्या गोष्टीला बाजारात भाव नाही. "हे निजामानं स्वतः दिलं होतं" असं म्हणणारे मला दरवर्षी भेटतात.

आता सगळ्यात मोठी गोष्ट, नोटेची अवस्था.

मोंढ्यात सोयाबीन नेलं की काय होतं? आडत्या मूठभर हातात घेतो, ओलावा बघतो, डागी दाणा बघतो, आणि एकाच शिवारातल्या दोन ढिगांना दोन भाव देतो. नोटेचं तसंच, फक्त फरक फार मोठा. सोयाबीनच्या दोन प्रतींत काहीशे रुपयांचं अंतर असेल. एकाच नोटेच्या दोन प्रतींत पाचपट, दहापट अंतर पडतं. छापखान्यातून आली तशी, घडी न पडलेली कोरी नोट एका बाजूला. तिला हे लोक 'यूएनसी' म्हणतात. मग मधे एखादी हलकी घडी असलेली, मग दोन-तीन घड्या असल्या तरी कागद कडक असलेली, मग मऊ पडलेली, मग कडा झिजलेली, मग घडीवर फाटलेली. परदेशी संस्था यावर आकडा देतात, ७० पैकी. पीएमजी ही त्यातली मोठी. ६० च्या वर कोरी, २० ते ३५ म्हणजे वापरलेली पण चांगली, दहाच्या खाली गेली की नुसती ओळखण्याजोगी. ते नोट तपासून प्लास्टिकच्या बंद पाकिटात घालून देतात. त्याला पैसे लागतात, म्हणून दोनशे रुपयांच्या नोटेसाठी तो खटाटोप करू नये. हजाराची हैदराबादी असेल तर जरूर करावा.

आपल्याकडच्या नोटा बहुतेक कशा असतात? कनवटीला लावलेल्या. चंचीत घातलेल्या. घामानं, तंबाखूनं रंगलेल्या, चार घड्या घातलेल्या. कसर लागलेल्या. आणि एक खास आपला डाग : हळद-कुंकू. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला नोट ठेवली, तिला बोट लावलं, पुढच्या वर्षी पुन्हा लावलं. पन्नास वर्षांची भक्ती नोटेवर दिसते. मी त्यावर टीका करत नाही, पण डीलर त्या डागाचे पैसे कापतो हे सांगायला हवं.

याहून वाईट म्हणजे हौसेनं केलेली दुरुस्ती. फाटलेल्या घडीला चिकटपट्टी लावतात. तिचा गोंद काही वर्षांत पिवळा होऊन कागदात मुरतो, मग ते कुणालाच काढता येत नाही. कुणी इस्त्री करतात, कुणी साबणानं धुतात, कुणी तर लॅमिनेशन करून आणतात. लॅमिनेशन केलेली नोट मेलेली. चांगला डीलर धुतलेली नोट वासावरून आणि चमक गेलेल्या छपाईवरून ओळखतो. काहीही करू नका. घडी असेल तर ती हळूच उघडा, ऍसिड नसलेल्या प्लास्टिकच्या पाकिटात सपाट ठेवा, डांबरगोळी नोटेला चिकटू देऊ नका. एका गोष्टीची मात्र काळजी नको : डाव्या बाजूला टाचणीची भोकं. आपल्याकडे बँका कित्येक दशकं नोटांच्या गड्ड्यांना पिना मारत. भारतीय नोटांचे संग्राहक ती भोकं गृहीत धरतात. तुम्हाला भोकं दाखवून निम्मी किंमत करणारा एक तर परदेशी पुस्तक वाचून आलाय, किंवा तुम्हाला वाचतोय.

खरी-खोटी हा मुद्दा थोडक्यात. दहा-वीस रुपयांचं भिंग घ्या. आजची छापील नक्कल भिंगाखाली रंगीत ठिपक्यांची दिसते. जुनी छपाई अखंड रेषांची असते. मुलांच्या खेळातल्या नोटा घेऊनही लोक येतात, तेव्हा आपण हसायचं नाही, चहा पाजायचा.

आता डीलरकडे जाऊ या. डीलर चोर नसतो, तो व्यापारी असतो. हे दोन शब्द आपल्याकडे फार लवकर एक होतात. समजा एक नोट तो आपल्या टेबलावर १,००० रुपयांना विकू शकतो. तो तुम्हाला हजार देणार नाही, आणि त्यानं दिले तर मला त्याची काळजी वाटेल. ती नोट सहा महिने पडून राहील, प्रदर्शनातल्या टेबलाचं भाडं आहे, प्रवास आहे, एखादी खोटी निघते ती त्याच्या अंगावर येते. सहज खपणारी नोट असेल तर तो निम्म्याच्या वर देईल, न खपणारी असेल तर बरंच कमी देईल, आणि साध्या नोटा तर वजनावर घेतल्यासारख्या ढिगानं मागेल. हा गणिताचा भाग समजला की अपमान वाटत नाही. अपमान तिथं वाटतो जिथं आपल्याला गणित माहीत नसतं.

पण काही रीती पाळा. सगळा ढीग एकदम टेबलावर टाकू नका. त्याचा हात ज्या नोटेकडे आधी जातो ती बघा, आणि ज्या नोटेविषयी तो मुद्दाम काही बोलत नाही तीही बघा. "या सगळ्याचे मिळून इतके देतो" असं तो म्हणाला की शांतपणे म्हणा, "एकेकीचे सांगा." ढिगाच्या भावात एक चांगली नोट लपून जाते, आणि नुकसान नेमकं तिथंच होतं. पहिल्या ठिकाणी विकू नका, किमान तिघांना दाखवा. "आज दिली तर हा भाव, उद्या नाही" असं म्हणणाऱ्याला उद्याच भेटा. नोट सत्तर वर्षं पेटीत होती, अजून आठ दिवस राहील. नोट ठेवून जा म्हणाला तर ठेवू नका, आणि ठेवायचीच वेळ आली तर नंबर लिहिलेली पावती घ्या. दोन्ही बाजूंचा फोटो स्वतःकडे आधीच काढून ठेवलेला असावा.

किंमत कुठून कळते? संकेतस्थळावर कुणी दोन लाख मागितले म्हणजे ती किंमत नव्हे. मागायला काय लागतं? कुणीतरी पैसे मोजून घेतली तो आकडा बघायचा. मुंबईत तोडीवाला, बंगळुरात मरुधर आर्ट्स अशी लिलावगृहं आहेत. लिलाव झाल्यावर कुठली वस्तू कितीला गेली ते ती जाहीर करतात. तिथं तुमच्याच किमतीची, सहीची आणि तशाच अवस्थेची नोट शोधा. कोऱ्या नोटेचा आकडा बघून आपल्या चार घड्यांच्या नोटेला लावू नका, तिथंच सगळी भांडणं होतात. चांगली वस्तू असेल तर लिलावालाच द्या, कमिशन कापून घेतील, पैसे यायला काही महिने लागतील, पण दोन माणसांना हवी असली तर भाव ती दोघं ठरवतात. पुण्याला दरवर्षी नाणी-नोटांचं प्रदर्शन भरतं, तिथं एका दिवसात पाच-पंचवीस डीलर भेटतात. नुसतं बघायचं असेल तर मुंबईत रिझर्व्ह बँकेचं चलनाचं संग्रहालय आहे, नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे.

आता त्या पाच लाखांच्या फोनकडे येतो, कारण त्यात खरोखर माणसं बुडतात. ७८६ अंक असलेल्या नोटेला हौसेनं कुणी थोडं जास्त देतो, हे खरं. ट्रॅक्टर चालवणाऱ्या शेतकऱ्याची पाचची नोट, ती तर कोट्यवधींनी छापलेली आणि अजून चालू चलन आहे. तिचे लाख रुपये कोण देईल? खेळ असा असतो. तुम्ही जाहिरात पाहून फोटो पाठवता. पलीकडून गोड आवाज : "नोट मंजूर झाली, साडेचार लाख." मग रिझर्व्ह बँकेच्या बोधचिन्हाचं पत्र येतं. मग नोंदणी फी ७५० रुपये. मग जीएसटी. मग गाडी निघाली, विमा भरा. माणूस प्रत्येक वेळी विचार करतो की इतके भरले, आता थोड्यासाठी कशाला सोडायचं. ४ ऑगस्ट २०२१ ला रिझर्व्ह बँकेनं स्वतः पत्रक काढून सांगितलं की जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारात बँक पडत नाही, कुठलंही शुल्क किंवा कमिशन मागत नाही, आणि तसा अधिकार कुणाला दिलेलाही नाही. नियम साधा ठेवा. विकणारा पैसे *घेतो*. विकायला निघालेल्याकडे कुणी आधी पैसे मागितले की फोन ठेवा. ऊसतोडीची उचल असल्या फोनमध्ये गेलेली मी ऐकलेली आहे.

कायद्याच्या दोन गोष्टी. २०१६ ला बंद झालेल्या पाचशे-हजारच्या जुन्या नोटा घरात सापडल्या तर त्या दहापर्यंतच ठेवता येतात. अभ्यास किंवा संग्रहासाठी पंचवीसपर्यंत. २०१७ च्या कायद्यानं त्यापुढं दंड आहे. कुणी गड्डीच्या गड्डी "बदलून देतो" म्हणत आला तर चार हात लांब राहा. आणि शंभर वर्षं ओलांडलेली ऐतिहासिक वस्तू पोस्टानं परस्पर परदेशी पाठवू नका. त्याला पुरावस्तूंचा १९७२ चा कायदा आहे. १९१८-१९ ची नोट आता त्या वयाची झाली.

एवढं बोलून थांबतो. प्रश्न विचारा.

*प्रश्न : सर, तुम्ही घेता का नोटा? मी दोन आणल्यात.*

बघतो जरूर, आणि काय आहे ते सांगतोही. पण आज इथं विकत घेणार नाही. दीड तास मी तुम्हाला सांगितलं की तिघांना दाखवा, आणि मग पहिलाच मी खिशातून पैसे काढले तर बरं दिसत नाही. शिवाय मी किंमत सांगतो आणि मीच घेतो, ही दोन कामं एका माणसानं एका वेळी करू नयेत. तुम्हीही कुणा डीलरकडून "फुकट किंमत काढून देतो" असं ऐकलंत तर आधी विचारा, तुम्ही घेणार आहात की नुसतं सांगणार आहात?

*प्रश्न : भावाभावांत वाटणी चालू आहे. पेटीत सात नोटा आहेत. कशा वाटायच्या?*

आकड्यानं वाटू नका. सात नोटांत सहा एक रुपयाच्या आणि एक शंभरची असेल तर ती वाटणी होत नाही. आधी सगळ्या भावांसमोर यादी करा : किंमत, नंबर, सही, अवस्था. फोटो सगळ्यांच्या मोबाईलमध्ये असू द्या. मग किंमत काढून घ्या, आणि ज्याला नोट ठेवायची असेल त्यानं तेवढे पैसे वाटणीत मांडावेत. नोट कापून वाटणारे महाभागही असतात. पूर्वी इंग्रजी काळात मोठी नोट अर्धी कापून दोन टपालांनी पाठवत, म्हणजे एक अर्धं चोरीला गेलं तरी चोराला उपयोग नाही. पण ते तेव्हा. आज अर्ध्या नोटेला दोन्ही भावांच्या हातात काहीच राहत नाही.

*प्रश्न (मागच्या रांगेतल्या आजी) : सासऱ्यांनी ठेवलेल्या चार हाली नोटा आहेत. देवघरात असतात. नातीच्या कॉलेजची फी भरायची आहे. विकू का? घरातली लक्ष्मी विकू नये म्हणतात.*

आजी, नोटा न बघता एवढंच सांगतो. चार एकसारख्या असतील तर एक ठेवा आणि तीन विकायचा विचार करा. आठवण ठेवायला एक पुरते, आणि सासऱ्यांनी ठेवल्या त्या घराच्या उपयोगासाठीच ठेवल्या असणार. पण त्यांवर फीचा भरवसा आधी धरू नका. एक रुपयाच्या, वापरलेल्या असतील तर कॉलेजची फी त्यांतून निघणार नाही, हे आत्ताच सांगितलेलं बरं. फीची सोय दुसरीकडे बघा, म्हणजे घाईनं पडेल त्या भावात द्यायची वेळ येणार नाही. नातीलाच बसवा. तिनं उजेडात दोन्ही बाजूंचे फोटो काढावेत, नंबर लिहावेत, लिलावात तशा नोटा कितीला गेल्या ते शोधावं. तिला ते तुमच्या-माझ्यापेक्षा लवकर जमेल. आणि जी नोट ठेवाल तिला पाकिटात घाला. यंदा लक्ष्मीपूजनाला कुंकू पाकिटाला लावा.